कोशी यांचे अवशेष-गणित आणि एक नाकारलेली शपथ

संत विन्सेंट दि पॉल सोसायटीचे काम करणाऱ्या आपल्या प्रापंचिक बंधुभगिनींना फ्रेडरिक ओझानाम हे नाव नवीन नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये या विशीतल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मोजक्या मित्रांनी गोरगरिबांच्या घरी स्वतः जाऊन मदत पोहोचवण्याचा जो परिपाठ सुरू केला, तो आज आपल्या कितीतरी धर्मग्रामांत चालू आहे. दुसरीकडे, गणित विषय घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ओग्युस्तँ-ल्वी कोशी हे नाव तोंडपाठ असते. कोशीचे प्रमेय, कोशीचे सूत्र, कोशीची कसोटी, अशा नावांनी त्यांची पाठ्यपुस्तके भरलेली असतात. परंतु हे कोशी पुढे त्याच सोसायटीचे सभासद झाले, पॅरिसमधील गरिबांच्या घरांचे जिने चढले आणि आपल्या श्रद्धेपायी आठ वर्षे देशाबाहेर राहिले, हे दोन्हीकडच्या मंडळींपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

प्रस्तुत लेखात मला कोशी यांच्या एका शोधाची आणि त्या शोधाच्या आगेमागे घडलेल्या त्यांच्या आयुष्याची हकीकत सांगायची आहे. शोध गणितातला आहे, पण वाचकांनी भिऊ नये. ज्याला जमिनीचा भाव आणि जमिनीचे माप यांचा गुणाकार करून किंमत काढता येते, त्याला या लेखातले गणित समजेल. मधले काही परिच्छेद मात्र सावकाश वाचावेत, एवढी विनंती आहे.

कोशी यांचा जन्म २१ ऑगस्ट १७८९ रोजी पॅरिसमध्ये झाला. बास्तीयचा तुरुंग जमावाने फोडला त्याला तेव्हा सव्वा महिना झाला होता. वडील लुई-फ्रान्स्वा हे राजाच्या पोलीस खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. ज्यांच्या हाताखाली ते काम करीत त्या पोलीसप्रमुखांचा १७९४ साली गिलोटीनखाली शिरच्छेद झाला. वडिलांनी कुटुंब घेऊन पॅरिसजवळच्या आर्केय या खेड्याचा आश्रय केला. तेथे अन्नाची टंचाई होती, आणि मुलांना वडीलच घरी शिकवीत. राजा, धर्म आणि सुव्यवस्था या तीन गोष्टी कोशी यांच्या मनात आयुष्यभर एकमेकींत गुंतलेल्या राहिल्या, त्याचे मूळ या बालपणात शोधावे लागते. ज्या मुलाने क्रांती म्हणजे भूक आणि भीती एवढेच पाहिले, त्याच्याकडून क्रांतीचे कौतुक कसे व्हावे?

पुढे दिवस पालटले. वडिलांना सिनेटमध्ये चिटणीसपद मिळाले आणि त्यांच्या कचेरीत लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञाचे येणे-जाणे सुरू झाले. मुलाची बुद्धी पाहून लाग्रांज यांनी वडिलांना एक विलक्षण सल्ला दिला, असे सांगतात: याला आधी भाषा आणि वाङ्मय नीट शिकवा, सतरा वर्षांचा होईपर्यंत गणिताच्या पुस्तकाला हात लावू देऊ नका. वडिलांनी हा सल्ला बऱ्याच अंशी पाळला. कोशी यांनी प्रथम लॅटिन आणि ग्रीकमध्ये बक्षिसे मिळवली, मग १८०५ साली ते एकोल पोलितेक्निकमध्ये दाखल झाले. (आपल्याकडे दहावीच्या मुलाला भाषेचा तास बुडवून गणिताच्या क्लासला पाठवणाऱ्या पालकांनी या सल्ल्याचा थोडा विचार करावा.) १८१० साली ते इंजिनीयर म्हणून शेरबूर बंदराच्या बांधकामावर रुजू झाले. नेपोलियनला तेथे इंग्लंडविरुद्ध आरमारी तळ उभारायचा होता. या तरुण इंजिनीयरने आपल्या सामानात चार पुस्तके नेली होती. लाप्लास यांचे खगोलीय यामिकी, लाग्रांज यांचा फलनांवरील ग्रंथ, व्हर्जिलची काव्ये आणि टॉमस आ केम्पिस यांचे 'ख्रिस्तानुकरण'. दिवसभर दगडचुन्याचे काम आणि रात्री गणित, अशा श्रमांनी प्रकृती ढासळली व दोन-तीन वर्षांत त्यांना पॅरिसला परतावे लागले. त्यानंतर मात्र त्यांनी इंजिनीयरीकडे पाठ फिरवली.

२२ ऑगस्ट १८१४ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निश्चित समाकलांविषयीचा एक दीर्घ प्रबंध मांडला. त्यात आपल्या विषयाचे बी आहे. हे बी रुजून १८२६ साली वर आले. त्या वर्षी कोशी यांनी आपल्या 'एक्झेर्सिस द मातेमातिक' या नियतकालिकवजा मालेत एका नव्या प्रकारच्या कलनावर लेख लिहिला आणि त्यात 'रेझिद्यू', म्हणजे 'अवशेष' किंवा 'उरलेले', हा शब्द प्रथम वापरला.

आता हा अवशेष म्हणजे काय ते पाहू. संमिश्र संख्या म्हणजे सपाट मैदानावरचे एकेक ठिकाण, असे समजा. फलन म्हणजे त्या प्रत्येक ठिकाणी लागू होणारा एक 'भाव'. आपण मैदानात एका बंद वाटेने चालत जातो आणि निघालो तेथेच परत येतो. प्रत्येक लहानशा पावलावर त्या ठिकाणचा भाव आणि ते पाऊल यांचा गुणाकार करायचा आणि साऱ्या गुणाकारांची बेरीज करीत जायची. या बेरजेला समाकल म्हणतात. यातली पावले दिशेसह मोजायची असतात. पुढे टाकलेले पाऊल आणि मागे टाकलेले पाऊल एकमेकांना फेडतात. कोशी यांचे मुख्य प्रमेय असे सांगते की वाटेच्या आतल्या बाजूला भाव सर्वत्र सुरळीत असेल, तर फेरी पूर्ण होताच सगळी बेरीज शून्य होते. माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. पण आत एखादे असे ठिकाण असेल की जेथे भाव अनंत होतो, उदाहरणार्थ '१ भागिले क्ष' या फलनाचा शून्यापाशी, तर फेरीच्या शेवटी हातात काही तरी उरते. वाट लहान घ्या, मोठी घ्या, वाकडीतिकडी घ्या. ते ठिकाण एकदाच प्रदक्षिणा होऊन आत राहिले की उरणारी रक्कम तीच. वर्तुळाच्या परिघातून येणाऱ्या एका ठरलेल्या स्थिरांकाने तिला भागले की जी संख्या मिळते, ती त्या ठिकाणचा अवशेष. '१ भागिले क्ष'चा शून्यापाशी अवशेष १ आहे.

फेरी न मारताही अवशेष काढता येतो. त्या अडचणीच्या ठिकाणाजवळ फलन घातांच्या श्रेणीत मांडायचे: काही भागिले क्षचा वर्ग, अधिक काही भागिले क्ष, अधिक काही, अधिक काही गुणिले क्ष, अशी. फेरी मारली की या सर्व पदांची बेरीज शून्य होते, फक्त 'भागिले क्ष' हे पद टिकते. म्हणून त्या पदाचा सहगुणक हाच अवशेष. १८२६ साली कोशी यांनी व्याख्या केली ती याच दुसऱ्या रीतीने. ती सोयीची होती. जे समाकल सोडवताना भलेभले थकत, ते या रीतीने दोन ओळींत सुटू लागले.

या सोयीतच एक खाच होती, आणि आजही परीक्षेला बसणारा विद्यार्थी तिच्यात पाय घालतो.

कठीण समाकल सोडवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे चल बदलणे. क्षच्या जागी यमधले काही तरी घालायचे आणि गणित सोपे करून घ्यायचे. आता क्ष म्हणजे २य असे मांडा. '१ भागिले क्ष' हे फलन '१ भागिले २य' झाले. त्याच्या 'भागिले य' पदाचा सहगुणक पाहिला तर तो अर्धा आहे. मघाशी अवशेष १ होता, आता अर्धा कसा झाला? नाव बदलले म्हणून वस्तू बदलते का?

येथे मला आपल्या वसईकडच्या जमिनीच्या व्यवहाराचे उदाहरण द्यावेसे वाटते. भाव गुंठ्याला सांगितला आणि मोजणी एकरात केली, तर विकणारा बुडतो. एकरात चाळीस गुंठे असतात. मापाचे एकक बदलले की भावही त्या प्रमाणात बदलावा लागतो, कारण खरी वस्तू म्हणजे किंमत, आणि किंमत भाव व माप या दोहोंच्या गुणाकारात असते. विद्यार्थी नेमकी हीच चूक करतो. तो भाव नव्या चलात लिहितो, पण पाऊल जुन्याच मापाचे धरतो. क्ष म्हणजे २य असेल, तर यमधले एक पाऊल म्हणजे क्षमधली दोन. 'अर्धा' या सहगुणकाला या दोनाने गुणले की अवशेष पुन्हा १ येतो.

दुसरे उदाहरण थोडे अधिक बोलके आहे. '१ भागिले क्षचा वर्ग' हे फलन घ्या. यात 'भागिले क्ष' हे पदच नाही, म्हणून अवशेष शून्य. आता क्ष म्हणजे 'य अधिक यचा वर्ग' असे मांडून फलन उलगडले, तर पहिले पद '१ भागिले यचा वर्ग' आणि दुसरे पद 'उणे २ भागिले य' असे येते. जेथे काहीच नव्हते तेथे उणे दोनचा अवशेष उभा राहिला! हे भूत आहे. पावलाचा गुणक येथे '१ अधिक २य' असा येतो. तो लावून गुणाकार केला की एक 'अधिक २ भागिले य' निर्माण होतो आणि भुताला फेडून टाकतो. पुन्हा शून्य. कागद-पेन्सिल घेऊन हे स्वतः करून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यातला आनंद सांगून कळणारा नाही.

म्हणजे अवशेष हा एकट्या फलनाचा नसतो. फलन आणि पाऊल यांच्या जोडीचा तो असतो. ही गोष्ट श्रेणीच्या भाषेत स्वच्छ सिद्ध करण्याचे श्रेय जर्मन गणितज्ञ याकोबी यांच्याकडे जाते. याकोबी हे ज्यू कुटुंबात जन्मलेले आणि तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेले गृहस्थ. १८३० साली 'क्रेले'च्या नियतकालिकात अनंत श्रेणींनी समीकरणे सोडवण्यावर त्यांचा लॅटिन लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवले की फलनात नवे चल घालून त्याला पावलाच्या गुणकाने गुणले, तर अवशेष बदलत नाही. बदलतोच तर एका पूर्ण संख्येने गुणला जातो, आणि त्याला कारण असते. क्ष म्हणजे यचा वर्ग असे मांडल्यास यच्या मैदानात एक फेरी होते तेव्हा क्षच्या मैदानात दोन होतात. माणूस देवळाला दोन प्रदक्षिणा घालून आला तर हिशेबात दुप्पट येणारच. खुद्द लाग्रांज यांनी १७७० साली समीकरणे उलटवण्याचे जे प्रसिद्ध सूत्र दिले होते, ते याकोबी यांच्या या रीतीने जवळजवळ आपोआप हाती येते. ज्यांनी कोशी यांच्या हातून गणिताचे पुस्तक काढून घ्यायला सांगितले, त्यांच्याच सूत्राला कोशी यांच्या अवशेषाने असा आधार मिळाला.

याकोबी यांचा लेख छापला गेला त्याच वर्षी, जुलै १८३० मध्ये, पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. तीन दिवस रस्त्यांवर लढाई चालली. आर्चबिशपांचा वाडा लुटला गेला. राजा दहावा चार्ल्स परागंदा झाला आणि त्याचा दूरचा नातलग लुई-फिलिप गादीवर बसला. नव्या राजवटीने सर्व सरकारी नोकरांकडून निष्ठेची शपथ मागितली. कोशी त्या वेळी एकोल पोलितेक्निक, विज्ञान विद्याशाखा आणि कोलेज द फ्रान्स या तीन ठिकाणी शिकवीत होते. वय एकेचाळीस, घरी पत्नी आणि दोन लहान मुली. त्यांनी शपथ घेतली नाही. एका राजाला दिलेला शब्द तो जिवंत असताना दुसऱ्याला देता येत नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. सप्टेंबरात त्यांनी एकट्याने पॅरिस सोडले आणि प्रथम स्वित्झर्लंडमधील फ्रायबूर येथे येशूसंघीयांजवळ आसरा घेतला. पॅरिसमधली अध्यापनाची पदे एकामागून एक गेली.

येथे चलबदल आणि राज्यबदल यांचे रूपक जुळवण्याचा मोह कुणालाही होईल. प्रवचनासाठी ते फार सोयीचे आहे. मी तो आवरतो, कारण गणितात चल बदलले की कोणत्या गुणकाने गुणायचे ते ठरलेले असते. माणसाच्या आयुष्यात राजवट बदलली की काय धरायचे आणि काय सोडायचे, याचे सूत्र याकोबी यांनी दिलेले नाही. त्या वेळी अनेक सच्च्या कॅथलिकांनी शपथ घेतली आणि ते शिकवीत राहिले. त्यांना कमी श्रद्धावान म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोशी यांच्या सदसद्विवेकबुद्धीने त्यांना जे सांगितले ते त्यांनी केले, आणि त्याची किंमत त्यांच्या पत्नीने व मुलींनीही मोजली, हे विसरता कामा नये.

इटलीतील तुरीन शहरात त्यांना स्थैर्य मिळाले. राजा कार्लो आल्बेर्तो याने त्यांच्यासाठी विद्यापीठात अध्यापकपदाची व्यवस्था केली. या परदेशवासातच त्यांच्या हातून काही अत्युत्तम काम झाले. ११ ऑक्टोबर १८३१ रोजी त्यांनी तेथील अकादमीपुढे ग्रहगतीवरचा प्रबंध ठेवला. वर्तुळावरच्या किमती कळल्या की आतली प्रत्येक किंमत काढता येते, हे आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र त्यात आहे. त्यानंतर २७ नोव्हेंबरला दुसरा प्रबंध मांडला, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. एखाद्या बंद वाटेच्या आत एखाद्या समीकरणाची किती उत्तरे दडली आहेत, ते उत्तरे न काढताच मोजण्याची रीत त्यांनी दिली. रीतीचे मर्म हे: समीकरणातल्या फलनालाच नवे चल माना. जुन्या मैदानात एक फेरी मारली, तर नव्या चलाच्या मैदानात शून्याभोवती किती फेऱ्या होतात? जितक्या फेऱ्या, तितकी उत्तरे. 'क्ष म्हणजे यचा वर्ग' या उदाहरणात आपण जी दुप्पट पाहिली, तिचाच हा विस्तार आहे. चल बदलल्यावर अवशेष कितीने गुणला जातो ते पाहून समीकरणाची उत्तरे मोजायची. आज विमानाचे किंवा विद्युतयंत्राचे नियंत्रण स्थिर राहील की नाही हे पाहताना इंजिनीयर हीच फेऱ्यांची मोजणी करतात.

१८३३ साली पदच्युत राजाने आपल्या नातवाला, बोर्दोच्या ड्यूकला, गणित व विज्ञान शिकवण्यासाठी कोशी यांना प्रागला बोलावून घेतले. निष्ठेचे हे फळ गोड नव्हते. तेरा वर्षांच्या त्या राजपुत्राला गणिताचा मनस्वी कंटाळा होता, आणि युरोपातला एक अग्रगण्य गणितज्ञ त्याच्यापुढे रोज धडे घेऊन बसे. एवढेच समाधान, की १८३४ साली पत्नी आणि मुली प्रागला येऊन मिळाल्या. त्याच वर्षी कोशी यांची बर्नार्ड बोल्झानो यांच्याशी भेट झाली. बोल्झानो हे कॅथलिक धर्मगुरू. त्यांच्या मतांमुळे सरकारने त्यांना आधीच प्राग विद्यापीठातून काढून टाकले होते. कलनाचा पाया काटेकोर करण्याचे जे काम कोशी यांनी पॅरिसमध्ये गाजवले, तेच बोल्झानो यांनी काही वर्षे आधी एकांतात केले होते. एक राजनिष्ठेपायी नोकरी गमावलेला प्रापंचिक, दुसरा मोकळ्या विचारांपायी नोकरी गमावलेला धर्मगुरू. त्यांचे काय बोलणे झाले असेल, याचा विचार करताना मी पुष्कळदा रमतो.

आता एका अप्रिय प्रकरणाकडे वळले पाहिजे. कोशी आपल्या धर्माचे म्हणून ते टाळणे योग्य नाही.

१८२६ च्या उन्हाळ्यात नील्स हेन्रिक आबेल हा चोवीस वर्षांचा नॉर्वेजियन तरुण पॅरिसला आला. हा लुथरन पाळकाचा मुलगा, खिशाने दरिद्री आणि बुद्धीने अलौकिक होता. ३० ऑक्टोबरला त्याने अकादमीकडे एक प्रबंध सादर केला. तो तपासण्याचे काम वृद्ध लजांद्र आणि कोशी यांच्याकडे सोपवण्यात आले. हस्तलिखित कोशी यांच्या घरी गेले आणि तेथेच पडून राहिले. आबेल वाट पाहून मायदेशी परतला. त्याला क्षयाने गाठले आणि ६ एप्रिल १८२९ रोजी सव्विसाव्या वर्षी तो वारला. मृत्यूच्या थोडे आधी याकोबी यांनी लजांद्र यांना पत्र लिहून त्या प्रबंधाचे काय झाले अशी विचारणा केली, तेव्हा कुठे तो शोधला गेला. अक्षर पुसट होते, दुसरी प्रत मागवायची होती, अशी सबब पुढे आली. प्रबंध छापला जायला १८४१ साल उजाडले.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. आबेल आपल्या प्रबंधात फलनांच्या समाकलांची बेरीज करताना त्यांची उतरत्या घातांनी श्रेणी मांडतो आणि '१ भागिले क्ष' या पदाचा सहगुणक वेगळा काढतो, त्यासाठी स्वतंत्र खूणही वापरतो. तो अवशेषच आहे! फक्त तो शून्यापाशी किंवा एखाद्या जवळच्या ठिकाणी घेतलेला नाही, क्ष अनंताकडे जाताना घेतलेला आहे. ज्या वर्षी कोशी यांनी अवशेषाला नाव दिले, त्याच वर्षी अवशेषाचा एक खोल उपयोग त्यांच्याच घरात कागदांखाली दडपून होता.

अनंतापाशीचा हा अवशेष समजून घ्यायला पुन्हा चलबदलच कामी येतो. क्षच्या जागी '१ भागिले य' घाला. म्हणजे क्ष अनंताकडे जाऊ लागला की य शून्याकडे येतो आणि दूरचे ठिकाण डोळ्यांपुढे उभे राहते. आपले जुने फलन '१ भागिले क्ष' आता नुसते 'य' झाले. यात कसलीच अडचण दिसत नाही, तेव्हा अवशेष शून्य असावा असे वाटते. पण पाऊल विसरायचे नाही. पावलाचा गुणक येथे 'उणे १ भागिले यचा वर्ग' असा निघतो, गुणाकार 'उणे १ भागिले य' होतो आणि अवशेष उणे १ मिळतो. शून्यापाशी अधिक १, अनंतापाशी उणे १; बेरीज शून्य. परिमेय फलनांच्या बाबतीत अनंतही धरून सर्व अवशेषांची बेरीज शून्यच होते. हिशेब कोठेही बुडत नाही. ज्या जागी भाव शून्य दिसतो तेथेही काही तरी शिल्लक असते.

आबेलने घरी धाडलेल्या एका पत्रात कोशी यांच्याविषयी लिहिले आहे. त्याचा आशय असा: हा माणूस विक्षिप्त आहे, पराकोटीचा कॅथलिक आणि कडवा आहे, तरीही गणित कसे करावे हे आज यालाच कळते. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटते. एका तरुण परक्या पाहुण्याला आपल्या धर्माची जी ओळख झाली ती अशी. १८१६ मध्ये राजाने मोंज यांना अकादमीतून काढून टाकले आणि कोशी यांना आत घेतले, तेव्हाही त्यांनी ती जागा निःसंकोच स्वीकारली होती. तत्त्वासाठी स्वतःची पदे सोडणारा हाच माणूस दुसऱ्याच्या अन्यायाने रिकामी झालेली जागा घेताना अडखळला नाही. लॉराँ या सैन्यातल्या इंजिनीयरने ऋण घातांसह श्रेणी मांडण्याचे प्रमेय धाडले, तेव्हा मात्र १८४३ साली कोशी यांनी अनुकूल अहवाल दिला, हेही नोंदवले पाहिजे. तो प्रबंध अकादमीने छापलाच नाही. लॉराँ वारल्यावर १८६३ साली तो प्रसिद्ध झाला.

१८३८ साली कोशी पॅरिसला परतले. अकादमीच्या सभासदाला शपथेची अट नसल्याने तेवढे स्थान शाबूत होते. पण अध्यापनाचे दरवाजे बंदच राहिले. १८३९ साली रेखांश-मंडळावर निवड झाली, आणि शपथ नाही म्हणून तीही निष्फळ ठरली. १८४३ साली कोलेज द फ्रान्सची जागा रिकामी झाली, तेव्हा ती लिब्री नावाच्या इटालियन गृहस्थांना देण्यात आली. हे लिब्री पुढे सार्वजनिक ग्रंथालयांतील दुर्मीळ ग्रंथ चोरल्याच्या आरोपावरून दोषी ठरले. आबेलचा प्रबंध छापताना देखरेखीला हेच होते. छपाईनंतर मूळ हस्तलिखित नाहीसे झाले आणि त्याचा मोठा भाग १९५२ साली फ्लॉरेन्समधील एका ग्रंथालयात सापडला.

शिकवण्याची बंदी असलेल्या या वर्षांत कोशी यांचा बराच वेळ दयाकार्यात जाई. संत विन्सेंट दि पॉल सोसायटीच्या कामात ते पडले ते याच काळात. येशूसंघीयांवर चहूबाजूंनी टीका होत असताना १८४४ साली त्यांनी धर्मसंघांच्या बाजूने पुस्तिका लिहिली. १८५६ साली पूर्वेकडील ख्रिस्ती मुलांच्या शाळांना मदत करणारी जी संस्था पॅरिसमध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १८४८ च्या क्रांतीने शपथ रद्द केली आणि पुढच्या वर्षी कोशी पुन्हा विद्यापीठात शिकवू लागले. ओझानाम तेव्हा त्याच विद्यापीठात परदेशी वाङ्मयाचे प्राध्यापक होते. एका क्रांतीने पद घेतले, दुसरीने परत दिले. क्रांतीविषयीचे त्यांचे मत मात्र बदलल्याचे दिसत नाही.

त्यांचे विद्यार्थी प्युइझो यांनी १८५० साली अनेक फेऱ्यांनंतरच मूळ किमतीवर येणाऱ्या फलनांचा अभ्यास करून गुरूंचे काम पुढे नेले. गटिंगेनमध्ये रीमान या तरुणाने १८५१ च्या प्रबंधात आणि नंतर १८५७ च्या लेखात फलनांसाठी मैदानाऐवजी एकावर एक पसरलेले पृष्ठच कल्पिले. तेथे कोणतेही एक चल मानाचे नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीचे चल घेऊन मोजू शकतो. तेथे फलन आणि पाऊल यांची जोडी हीच मूळ वस्तू ठरली आणि अवशेष तिचा झाला. विद्यार्थ्यांना अडवणारी खाच त्या दृष्टीने खाच उरतच नाही. १८५७ साली हा लेख आला, आणि २३ मे १८५७ रोजी सो या गावी कोशी यांचे निधन झाले. रीमानने उघडलेले दार त्यांना पाहायला मिळाले असेल असे वाटत नाही.

१८५२ साली तिसऱ्या नेपोलियनने शपथ पुन्हा लागू केली होती. कोशी पुन्हा नकार देणार हे सर्वांना माहीत होते. या वेळी सरकारनेच माघार घेतली आणि कोशी व खगोलशास्त्रज्ञ आरागो या दोघांना शपथेतून सूट दिली. आरागो हे कट्टर प्रजासत्ताकवादी, कोशी कट्टर राजनिष्ठ. दोघांची कारणे एकमेकांच्या थेट उलट. त्यानंतर विद्यापीठातून मिळणारा पगार कोशी सो गावच्या गोरगरिबांसाठी देत असत. गावच्या मेयरने या औदार्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा कोशी त्यांना म्हणाले असे सांगतात, की त्यात एवढे काय, हा तर नुसता माझा पगार आहे. देणारा मी नव्हे, बादशहा देतो.